गाडीकडं बघायचं नाही

१

सकाळी सातला महेंद्र कॉलेजच्या शेडमधून जीप बाहेर काढायचा. आधी रेडिएटरला पाणी, मग चारी टायरांना एकेक लाथ, मग काचेच्या वर बसवलेल्या कॅमेऱ्याला मऊ फडकं. शाळा सातवीतच सुटली होती, पण यंत्राला हात कसा लावायचा हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. कॅमेरा बुटाच्या खोक्याएवढा होता. त्याची वायर मागं जायची. मागच्या सीटा काढून तिथं लोखंडी मांडणी केली होती आणि तिच्यावर कॉम्प्युटर, ट्रकची एक जादा बॅटरी आणि काळापांढरा टीव्ही असा संसार होता. ड्रायव्हरला दिसावं म्हणून तसलाच एक लहान टीव्ही पुढं स्टिअरिंगशेजारी बांधलेला होता.

सांगलीहून तासगावच्या रस्त्याला लागलं की माळावर विमानाची जुनी धावपट्टी लागते. तिथं विमान उतरलेलं महेंद्रनं कधी पाहिलं नव्हतं. शेळ्या मात्र रोज उतरायच्या. त्या हाकलल्या की काम सुरू व्हायचं.

काम म्हटलं तर पोरखेळ. पट्टीवर फक्कीनं आडवी रेघ मारायची. एका माणसानं त्या रेघेवरून डावीकडून उजवीकडं चालत जायचं आणि महेंद्रनं दोनशे पावलांवरून त्याच्या रोखानं जीप सोडायची. कॅमेऱ्याला माणूस दिसला की टीव्हीवर त्याच्याभोवती पांढरी चौकट उमटायची. चौकटीच्या डोक्यावर आकडा यायचा. गाडी आणि माणूस किती सेकंदांत एकमेकांना भिडतील, तो हा आकडा. चार, साडेतीन, तीन. दोनच्या खाली गेला की बझर केकाटायचा. त्याला सगळे पिपाणी म्हणत. पिपाणी वाजली की महेंद्रनं ब्रेक दाबायचा. पुढं कधीतरी हा ब्रेक यंत्रानं आपणहून दाबावा, असं वीरधवल सरांच्या मनात होतं. कॉलेजात त्यांच्या आडनावाचे आणखी दोन सर होते, म्हणून यांना सगळे नावानंच ओळखत.

चालणारा माणूस म्हणजे महेंद्रचा थोरला भाऊ नागसेन. शिरवळच्या कारखान्यातलं काम सुटल्यावर तो बायकोला घेऊन गावी आला होता, आणि महेंद्रनंच सरांना विचारून त्याला कामावर लावला होता.

"नुसतं चालायचं?" नागसेन पहिल्या दिवशी हसला होता. "मग आपल्या म्हशीला बी लाव की रं कामाला."

पण नुसतं चालणंच त्याला जमेना. जीप जवळ आली की त्याची मान वळायची, पाऊल अडखळायचं, शेवटची चार पावलं तो पळत सुटायचा. सर म्हणायचे, असं नको, रस्त्यावर आपल्याच नादात चाललेला माणूस मला पाहिजे. आठवडाभराच्या व्हिडिओ फिती वाया गेल्या. महेंद्रचं डोकं तापट. एक दिवस तो जीपमधून उतरला आणि थोरल्या भावाच्या अंगावर ओरडला, "तू गाडीकडं बघूच नगंस! म्या हाय न्हवं हितं? समोरच्या बाभळीकडं बघ आन चाल."

नागसेननं ऐकलं. त्यानंतर सहा महिने, दिवसाला पन्नास-साठ वेळा, तो जीपच्या तोंडासमोरून मान न वळवता चालत गेला.

जानेवारीत द्राक्षांचे टेम्पो सुरू झाले. आपल्याच गावच्या फाट्यावर, भर दुपारी रस्ता ओलांडताना, एका टेम्पोनं नागसेनला उडवलं. टेम्पोवाला भाऊसो पळून गेला नाही. मातीत बसून तो जमलेल्या माणसांना रडत सांगत होता, "हॉर्न मारला वो मी. लेकराची शपथ. गडी सरळ चालत आला. मान सुदीक वळवली न्हाई त्येनं."

कुणी म्हणालं, प्याला असंल. कुणी म्हणालं, घरात काही झालं असंल. नागसेन पीत नव्हता आणि घरात काही झालं नव्हतं. खरं काय ते महेंद्रला ठाऊक होतं. त्यानं ते कुणालाही सांगितलं नाही.

२

नागसेनच्या पुण्यानुमोदनाला वीरधवल सर येऊन गेले होते. मागं बसले, कुणाशी बोलले नाहीत. दीड महिन्यानं त्यांनी निरोप धाडला. मार्च संपता संपता पुण्याहून गाड्यांच्या कंपनीची माणसं यंत्र बघायला येणार होती. जमत असेल तर ये, नसेल तर राहू दे.

महेंद्र गेला. घरात बसलं की भिंतीवरचा नागसेनचा फोटो दिसायचा.

पहिल्या दिवशी चालायला कुणी नव्हतं. दोन महिने बंद असलेलं यंत्र चालतंय का, एवढंच बघायचं होतं. महेंद्रनं जीप नेहमीच्या जागी उभी केली आणि इंजिन बंद केलं. मागं सरांनी कळा दाबल्या. टीव्ही उजळला. त्यावर मोकळी पट्टी, पट्टीच्या उजव्या कडेला बाभळ, वर पांढरं आभाळ.

आणि डावीकडं, रेघ सुरू व्हायची तिथं, एक चौकट.

महेंद्रनं काचेतून पाहिलं. पट्टीवर कुणी नव्हतं. रेघसुद्धा नव्हती. अजून फक्की मारायची होती.

"सर, ही चौकट कुनाची?"

सर मागून वाकले. "हं. तिथं पट्टी फुटलीय, तिची सावली असेल. मशीनला माणूस म्हणजे काय ते आपण नागसेनवरूनच शिकवलं ना. जरा उभं काही दिसलं की त्याला माणूसच वाटतो."

बोलणं पटण्यासारखं होतं. तरी महेंद्र उतरला, दोनशे पावलं चालत गेला आणि त्या फुटलेल्या जागेवर उभा राहिला. ऊन नुकतंच चढत होतं. भेगेत गवताची चार पाती होती. दुसरं काही नाही.

"आली का माझी?" तो ओरडला.

"आली!"

"मग पैली गेली?"

 मग सरांचा आवाज आला, थोडा हसरा. "नाही! जरा बाजूला सरकलीय! तुला जागा दिल्यासारखी!"

महेंद्र परत आला तेव्हा दोनशे पावलांत त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. का पाहिलं नाही, याचं त्याला परत येऊन बसल्यावर नवल वाटलं.

३

"कोन चालनार मग?" आम्रपालीनं विचारलं. नागसेनची बायको. चुलीपुढं बसून भाकरी थापत होती, तोंड भिंतीकडं.

"बघत्यात सर कुनीतरी."

"कुनीतरी कशाला? म्या चालंन."

महेंद्रनं ताट खाली ठेवलं. "वैनी, त्ये बायामानसाचं काम न्हाई."

"व्हय? रानात खुरप्याला बायामानूस चालतंय, डोक्यावर पाटी घेऊन चालतंय, आन मोकळ्या हातानं चालायचं म्हनल्यावर चालत न्हाई व्हय? लय शाने तुमी."

"आये, सांग की हिला."

आई, चंद्राबाई, दारात बसली होती. दोन महिन्यांत ती दहा वर्षांनी म्हातारी झाली होती. ती म्हणाली, "जाऊ दे की रं तिला. चार भिंतीत बसून येडी व्हईल. आन तू हाईस न्हवं गाडीवर."

तू आहेस ना.  नको म्हणायचं तर कारण सांगायला हवं होतं. कारण सांगायचं तर सगळंच सांगायला हवं होतं. तो पाणी प्याला आणि उठून बाहेर गेला.

आम्रपाली मागून म्हणाली, "भावजी, सकाळी हाक मारा. न्हाईतर एकलंच पळाल."

४

ती पांढरं पातळ नेसून आली होती. सर म्हणाले, बरंच झालं, कॅमेऱ्याला ठळक दिसेल. मग ओशाळून कॅमेरा पुसू लागले.

पहिल्या दिवशी ती बघायची. जीप सुटली की डोळे इकडंच. सर दहादा सांगत, "ताई, गाडीकडं बघू नका." महेंद्र काहीच सांगत नव्हता. ती बघत होती तेवढा वेळ त्याला बरं वाटत होतं. पिपाणीची वाट न बघता तो आधीच ब्रेक दाबायचा.

"महेंद्र, एवढ्या लवकर नको रे."

"पाय पडतोय सर आपसूक."

तिसऱ्या दिवशी तिची मान वळायची थांबली. त्यासाठी तिला कुणी रागावलं नव्हतं. ती रेघेवर उभी राहिली, बाभळीकडं तोंड केलं आणि चालू लागली.

टीव्हीवर तिच्याभोवती चौकट आली, आणि तिच्या मागं, आठ-नऊ पावलांवर, दुसरी.

दोन्ही चौकटी डावीकडून उजवीकडं निघाल्या. पुढच्या चौकटीवर आकडा होता, मागच्या चौकटीवर नव्हता. महेंद्रनं ब्रेक एवढ्या जोरात दाबला की मागं सरांचं डोकं मांडणीवर आपटलं.

"काय झालं?"

"मागं एक हाय, सर. वैनीच्या मागं."

सरांनी चष्मा सारखा केला आणि पाहिलं. आता फक्त एक चौकट होती. आम्रपाली पलीकडं पोचून पदरानं घाम पुसत होती.

५

दुपारी कॉलेजात सरांनी फीत लावली. खोलीच्या खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला होता. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. सरांनी फीत दोन प्रकारे दाखवली. आधी कॅमेऱ्यानं बघितलं तसं. पट्टी, ऊन, पांढऱ्या पातळातली एकटी बाई. मग यंत्रानं बघितलं तसं. तीच पट्टी, तीच बाई, दोन चौकटी.

"जुनी ओळख राहिलीय आत," सर म्हणाले. "नागसेन त्या जागेवरून हजारो वेळा गेला. आता तिथून कुणीही निघालं की मशीनला वाटतं, तोही निघाला असणार. मी सगळं पुसतो. नागसेनचं काहीच ठेवत नाही."

ते चांगले गृहस्थ होते. 'पुसतो' म्हणताना त्यांचा आवाज बसला.

दोन दिवस लावून त्यांनी पुसलं. नव्या चालण्यावरून नव्यानं शिकवलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा पट्टीवर गेले. मागची चौकट होतीच. आता सहा पावलांवर होती.

सरांनी काचेवर ऊन पडतंय म्हणून कॅमेऱ्याला पुठ्ठ्याची झडप केली. मग वायर बदलली. मग टीव्ही बदलला. महेंद्र मुकाट्यानं मदत करत राहिला. त्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. पण चौकटी त्याला कळत होत्या. सहा-सात महिने त्यानं त्याच बघितल्या होत्या, आणि सरांना न दिसणारी एक गोष्ट त्याला दिसत होती.

आडव्या चालणाऱ्या माणसाची चौकट कात्रीसारखी हलते. पाय फाकले की रुंद होते, पाय जुळले की अरुंद. रुंद, अरुंद, रुंद, अरुंद. लांबूनसुद्धा पावलं मोजता येतात. आम्रपालीची चौकट तशीच हलत होती.

मागची हलत नव्हती. ती एकाच मापाची राहून सरकायची.

एकाच मापाची चौकट कधी येते, तेही महेंद्रला ठाऊक होतं. माणूस गाडीकडं तोंड करून उभा असला, म्हणजे.

बाजूला जाताना छाती आणि तोंड गाडीकडं ठेवून कोण चालतं? त्या दुपारी शेडमध्ये कुणी नसताना महेंद्रनं तसं चालून बघितलं. चार पावलांत पायात पाय अडकून तो पडला. फरशीवर बसून तो मोठ्यांदा म्हणाला, "सर म्हनत्यात त्येच खरं. सावली हाय." शेडच्या पत्र्यानं शेवटचा शब्द परत दिला. मग त्यानं हात झटकले आणि टायरांची हवा तपासली. ती सकाळीच तपासलेली होती.

६

रोज काम झालं की महेंद्र आम्रपालीला फाट्यावर सोडायचा आणि जीप कॉलेजला न्यायचा. घर रस्त्याच्या पलीकडं, शंभर पावलांवर.

त्या दिवशी ती उतरली आणि चालू लागली. नुसती चालू लागली. डावीकडं नाही, उजवीकडं नाही. तासगावकडून बेदाण्याचे बॉक्स भरलेला ट्रॅक्टर येत होता. महेंद्र ओरडला, पण ट्रॅक्टरच्या आवाजात ते कुठं ऐकू जाणार? ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक दाबला, ट्रॉली तिरकी झाली, दोन बॉक्स खाली पडले. आम्रपाली पलीकडं पोचली होती.

"ए बाई! डोळं घरी ठिवून आलीस का?" ट्रॅक्टरवाला बोंबलला. "मरायचं तर हिरीत उडी टाक की! मला कशाला घालतीस तुरुंगात?"

महेंद्र धावत गेला आणि तिचा दंड धरून हलवला. "वैनी! बघायचं न्हाई का?"

तिनं त्याच्याकडं पाहिलं. घाबरली नव्हती. उलट दोन महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा सैल दिसत होता, चांगली झोप झाल्यासारखा.

"म्या कशाला बघू?" ती हळूच म्हणाली. "त्ये बघत्यात न्हवं मागनं."

"कोन?"

तिनं पदर सारखा केला. "तुमाला म्हनून सांगितलं. घरात आत्यास्नी बोलू नगा." आणि ती घराकडं गेली.

ती नागसेनसारखी चालत होती. डावा खांदा किंचित वर, पाऊल टाचेवर आपटून. महेंद्र रस्त्याच्या मधोमध उभा राहून ते बघत होता. मागून कुणीतरी हॉर्न दिला तेव्हा तो बाजूला झाला.

७

दुसऱ्या दिवशी त्यानं सरांना सांगितलं, वैनीला आता आणायचं नाही.

"चार दिवस, महेंद्र. सोमवारी ती माणसं येतायत. चार दिवसांसाठी दुसरं माणूस कुठून आणू?"

"म्या चालतो. तुमी गाडी धरा."

"मला चालवता येत नाही रे." सर खरंच लाजले.

तोवर आम्रपाली रेघेवर जाऊन उभी राहिली होती. महेंद्र जीपमध्ये बसला. आज गाडी सोडायचीच नाही, असं त्यानं ठरवलं. इंजिन सुरूच केलं नाही. गाडी जागेवर असली तर भिडणार कोण? आकडाच येणार नाही. सर ओरडतील, ओरडू देत.

टीव्हीवर आम्रपाली निघाली. तिच्याभोवती चौकट. महेंद्रनं मागची शोधली. मागं नव्हती. त्याला क्षणभर हलकं वाटलं.

मग त्याचं लक्ष गेलं. आम्रपालीची चौकट हलत नव्हती. तिचे पाय फाकत होते, जुळत होते, काचेतून त्याला स्पष्ट दिसत होतं. चौकट मात्र एकाच मापाची राहून सरकत होती. आणि तिच्या डोक्यावर आकडा होता.

सहा.

"सर, गाडी बंद हाय," महेंद्र म्हणाला.

"मग सुरू कर ना."

"बंद हाय सर. आन आकडा हाय."

साडेपाच. पाच. सर मागं कळा बडवू लागले. पट्टीवर आम्रपाली चालत होती, मान ताठ, डोळे बाभळीवर. आडवी जाणारी बाई उभ्या जीपला पाच सेकंदांत कशी भिडेल? चार.  सर म्हणत होते, "थांब, थांब, काहीतरी चुकतंय, मी बघतो." तीन.

पट्टीवर हॉर्न वाजवायचा नाही, असा पहिल्या दिवसापासूनचा नियम. हॉर्न ऐकला की चालणारा बघतो आणि फीत वाया जाते. महेंद्रनं दोन्ही हातांचे तळवे हॉर्नवर ठेवले आणि सगळं वजन टाकलं.

"वैनी! बघ! हिकडं बघ!"

माळावरच्या शेळ्या उधळल्या. आम्रपाली दचकली, थांबली आणि तिनं मान वळवली. जीपकडं पाहिलं. मग झोपेतून उठल्यासारखं आपल्या हातांकडं, पायाखालच्या फक्कीकडं पाहिलं.

टीव्हीवर तिची चौकट दोन झाली. एक तिच्यापाशी राहिली. दुसरी तिच्यातून सुटली आणि मोठी होऊ लागली.

आडवी नाही गेली. नुसती मोठी होऊ लागली. रेघेच्या अलीकडं आली. पट्टीच्या फुटलेल्या तुकड्यावरून आली. महेंद्र काचेतून बघत होता आणि काचेत ऊन होतं, पट्टी होती, लांबवर आम्रपाली होती. टीव्हीत चौकटीच्या कडा पडद्याच्या कडांकडं सरकत होत्या. दीड. पिपाणी केकाटू लागली. एक. अर्धा. आपोआप महेंद्रचा पाय ब्रेकवर गेला, जी गाडी हललीच नव्हती तिच्या ब्रेकवर.

चौकट पडद्यातून मावेनाशी झाली. आकडा तेवढा उरला. शून्य.

तो बदलला नाही. पिपाणी वाजतच राहिली. शेवटी सरांनी बॅटरीची वायर हातानंच उपटली. ठिणगी उडाली आणि टीव्ही विझला.

 मग सर अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तू ताईंना घरी सोडून ये. मी इथंच थांबतो, बाहेर. ऊन असू दे." आणि जीपमधून उतरताना ते मागच्या बाजूनं उतरले नाहीत. मांडणीवरून अवघडून पुढं आले आणि महेंद्रच्या दारानं, त्याला आधी उतरवून, उतरले.

८

आम्रपाली पुढं डाव्या सीटवर बसली. गाडी मुख्य रस्त्याला लागली. दोन्हीकडं द्राक्षांचे मांडव मागं पळत होते. मागच्या भागात मांडणी खडखडत होती. महेंद्र आरशात बघत नव्हता.

"वैनी," तो म्हणाला. "दादाला म्याच सांगितलं हुतं. गाडीकडं बघू नगंस म्हनून. त्येची मान वळायची तर म्या शिव्या घातल्या त्येला. त्यो प्यालेला नव्हता. म्या त्येची सवय मोडली."

सांगून झालं. दोन महिने जे छातीवर होतं ते चार वाक्यांत संपलं, याचा त्याला रागच आला.

आम्रपाली रस्त्याकडं बघत होती. "ठावं हाय मला."

"कसं?"

"त्येनीच सांगितलं हुतं. हसत हसत. म्हनलं, धाकटा लय गरम डोस्क्याचा, पर त्यो हाय तवर मला गाडीचं भ्याव न्हाई."

महेंद्रला पुढचा रस्ता दिसेना. त्यानं गाडी हळू केली. दंडानं डोळे पुसले.

"मग मला बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? तुमी जेवत बी नव्हता." थोड्या वेळानं ती म्हणाली, "हॉर्न वाजला तवापासनं माझ्या मागं कुनी न्हाई, भावजी. पाठ गार पडलीया."

तिनं एवढंच सांगितलं. मागच्या मांडणीकडं तिनंही पाहिलं नाही.

फाटा आला. महेंद्रनं जीप कडेला घेतली. आम्रपाली उतरली, डाव्या बाजूचं दार लावलं, गाडीला वळसा घालून रस्त्याच्या कडेला आली आणि थांबली. तिनं डावीकडं पाहिलं. उजवीकडं पाहिलं. पुन्हा डावीकडं पाहिलं. समोरून, तासगावकडून, एसटी येत होती, अजून खूप लांब होती. आम्रपाली भरभर रस्ता ओलांडून गेली. महेंद्रनं दोन महिन्यांत सोडला नसेल असा श्वास सोडला.

एसटी आली. रस्ता मोकळा होता. आणि जीपच्या अलीकडं पंचवीस-तीस पावलांवर तिनं करकचून ब्रेक मारला. आतली माणसं एकमेकांवर आदळली. कुणाची तरी बरणी फुटल्याचा आवाज आला.

ड्रायव्हरनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. तोंड लाल. "आरं जायचं तर जा की! बघतूस काय नुसता माझ्या तोंडाकडं?"

तो मोकळ्या रस्त्याशी बोलत होता. त्यानं हात हलवला, जा, जा. थांबला. मागून कंडक्टर काहीतरी ओरडला, त्यालाही त्यानं हातानं गप्प केलं. मग त्याची नजर रस्त्याच्या मधल्या जागेवरून हळूहळू अलीकडं येऊ लागली. कडेपर्यंत आली. जीपच्या पुढून आली, जीपच्या डाव्या बाजूला गेली आणि तिथं थांबली.

मग त्यानं महेंद्रकडं पाहिलं. आवाज उतरला.

"तुमच्यासंगट हाय व्हय? आवं, आत बसवा की त्येला. असं सोडत्यात व्हय मानसाला रस्त्यावर?"

महेंद्रनं मान हलवली. व्हय म्हणून की नाही म्हणून, त्याचं त्याला कळलं नाही. कंडक्टरनं दोनदा घंटी दिली. एसटी जीपला जरा जास्तच लांबून वळसा घालून निघून गेली.

धूळ बसली. पलीकडं आम्रपाली उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती महेंद्रकडं बघत नव्हती, जीपच्या डाव्या दाराकडं बघत होती, आणि तिच्या बाजूनं ते दार दिसत नव्हतं.

महेंद्र रिकाम्या सीटवरून आडवा झाला. हात लांब केला, खिट्टी ओढली आणि दार बाहेर ढकललं. दार पूर्ण उघडलं. तो परत सरळ बसला.

"ये," तो म्हणाला.

पलीकडं आम्रपालीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. ती वळली आणि घराकडं चालू लागली, भरभर, आपल्याच पावलांनी, कुणाची वाट न बघता. ती वळणाआड जाईपर्यंत दार उघडंच होतं. त्यानंतरही महेंद्रला हात लांब करून ते लावायचा धीर झाला नाही.